बस लावायची जागा

बाबांनी बावीस वर्षं युरोप दाखवला
लोकांना.
चौपन्न सीटांची बस, पुढच्या काचेवर पाटी,
आणि बाबा,
ज्यांची फक्त मान, तीही मागून,
हजारो अनोळखी घरांतल्या फोटोंच्या कोपऱ्यात असेल.

प्तुयच्या आमच्या स्वयंपाकघरात
आईचं एक फडताळ होतं.
पेट्रोल पंपावरून आणलेली शहरं त्यात,
काचेच्या गोळ्यात, बर्फासकट.
व्हिएन्ना, प्राग, पॅरिस, आणि एक व्हेनिस, पाणी आटलेलं.
शनिवारी सगळ्यांवरून फडकं फिरवून
ती म्हणायची, झाला माझा युरोप.

या जूनमध्ये मी तिकिटं काढली, रेल्वेची.
बाबांनी विचारलं, चालवणार कोण?

व्हिएन्नात राजवाड्यासमोर
आईने मान वर केलेली,
आणि बाबा यर्नेयला सांगतायत,
या मागच्या गल्लीत वळताना आरसा मिटून घ्यावा लागतो.
पलीकडे ग्रेटलची टपरी,
ती ड्रायव्हरकडून कॉफीचे पैसे घेत नाही.
गेलो.
टपरी होती. ग्रेटलच्या जागी तिची सून.
तिने पैसे घेतले.
बाबांनी सुटे मोजून मुकाट्याने दिले.

व्हेनिसमध्ये ते कधी पाणी ओलांडून गेलेच नव्हते.
माणसं बोटीतून निघून जायची,
हे सीटांखालचे टॉफीचे कागद वेचायचे.
आता बोटीत बसलो तर
दर धक्क्याला त्यांचा उजवा पाय
फळीवर ब्रेक दाबतोय.
आजोबा, हे सगळं बुडालं कधी?
मी बघायचो तेव्हा कोरडं होतं, म्हणाले.

पॅरिसला आईने पर्समधून गोळा काढला,
मोज्यात गुंडाळून आणलेला.
एक डोळा मिटून टॉवरशी ताडून पाहिला.
आपला जरा वाकडा आहे, एवढंच म्हणाली.
मग: द्रागो, तू काय बघायचास इथे?

साडेचार तास गाडी, पंचेचाळीस मिनिटं विश्रांती.
कायदाच आहे तसा.
त्या पंचेचाळीस मिनिटांत काय दिसणार?
चला, दाखवतो.

दोन मेट्रो, एक बस, मग पायी.
तारेचं कुंपण, चेस्टनटची तीन झाडं,
सिमेंटवर जुन्या तेलाचे डाग.
भिंतीपाशी जमिनीतून वर आलेले चार बोल्ट.
इथे फोनची पेटी होती, बाबा म्हणाले.
इथून करायचो तुला.
नाणं संपत आलं की तू नेमकी
कांदे चिरत असायचीस.

आई त्या चार बोल्टांकडे बघत राहिली.
एवढा वेळ ती कुठल्याच चर्चसमोर थांबली नव्हती.

मला वाटायचं, ती म्हणाली,
तू दिव्यांत उभा आहेस कुठेतरी.
मागे गाणं चालू आहे. बाईबिई हसतेय.
मागे, बाबा म्हणाले, डिझेलचा पंप असायचा.

आणि कांदे कुठले, द्रागो.
रात्री अकरा वाजता कोण कांदे चिरतं?

बाबांना काही सुचेना.
तेवढ्यात एक बस आत शिरली, पोलंडची,
उलटी लागायला बघत होती.
बाबा धावतच तिच्या मागे गेले,
दोन्ही हात वर करून.
ये, ये, अजून ये, डावीकडे जरा,
कुठल्याच भाषेत नाही, नुसत्या पंजांनी.
बस.
ड्रायव्हरने खिडकीतून अंगठा दाखवला.
बाबांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली,
बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

यर्नेयने फोटो काढला. आला तो सगळा धूर.

आई कठड्यावर बसली होती,
एक बूट काढून, तळवा चोळत.
माझ्या खिशात टॉवरची तिकिटं,
साडेआठची लिफ्ट.
आठ वाजून गेले होते.
मी काही बोलले नाही.
पोलिश ड्रायव्हर उतरला,
त्याच्याकडे थर्मास होता.